वाहन राज्याची सीमा ओलांडते तेव्हा



सावंतवाडी किंवा दोडामार्ग तालुक्यातील एखादा तरुण म्हापशाजवळच्या कारखान्यात नोकरीस लागतो. पहिले काही महिने तो रोज घरून दुचाकीने ये-जा करतो. पुढे पाळ्या बदलतात, पावसाळ्यातला रात्रीचा प्रवास जड वाटू लागतो आणि तो म्हापशातच खोली घेतो. दुचाकीवरचा ‘एमएच ०७’ हा सिंधुदुर्गचा क्रमांक तसाच राहतो. दोन वर्षे कोणी काही विचारत नाही. मग एके दिवशी रस्त्यावरील तपासणीत प्रश्न येतो, ही गाडी येथे किती दिवसांपासून आहे? त्याच्यापाशी उत्तर असते, कागद नसतो. कर भरला नाही असे त्याला सांगण्यात येते. वास्तविक गाडी घेतानाच त्याने पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरलेला असतो. तो चक्रावून जातो. मग कोणीतरी दलालाचे नाव सुचवतो, आणि जे काम दोन अर्जांत झाले असते त्यासाठी आठवड्याची मजुरी खर्ची पडते.

हा तरुण काही कायदा मोडण्यास निघालेला नव्हता. धुळे-नंदुरबारहून सुरतेस गेलेला कामगार, सोलापूरहून बंगळूरला बदली झालेला बँकेतील अधिकारी, चंद्रपूरहून हैदराबादेस शिकण्यास गेलेली मुलगी या सर्वांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न उभा राहतो. तो नीट समजून घ्यावयाचा तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. वाहनाबरोबर तीन निरनिराळ्या गोष्टी प्रवास करीत असतात : चालविण्याची अनुज्ञप्ती, वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि वाहनावरील कर. अनुज्ञप्ती राज्याची सीमा आपोआप ओलांडते. नोंदणी क्रमांक ती बारा महिन्यांपुरती ओलांडतो. कर मात्र ती ओलांडतच नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ या तिहेरी व्यवस्थेत आहे.

ही व्यवस्था संविधानातूनच आली आहे. यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने आणि त्यांवरील करआकारणीची तत्त्वे हा विषय सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, ३५ व्या क्रमांकाच्या नोंदीत आहे. परंतु प्रत्यक्ष कर बसविण्याचा अधिकार राज्य सूचीतील ५७ व्या नोंदीने राज्यांकडे दिला आहे. त्यामुळे नोंदणी आणि अनुज्ञप्ती यांचा कायदा देशभर एकच, म्हणजे १ जुलै १९८९ पासून अमलात आलेला मोटार वाहन अधिनियम, १९८८. आणि कराचे कायदे मात्र राज्यागणिक वेगळे. महाराष्ट्रात वाहनकराची आकारणी मूळ १९५८ च्या कायद्याखाली होते. रस्ते बांधणे व राखणे हा राज्यांच्या खर्चाचा मोठा भाग असल्याने हा अधिकार राज्यांकडे असणे गैर म्हणता येणार नाही. तथापि, दोन राज्यांच्या हिशोबांमधील ताळमेळ घालण्याचे काम वाहनमालकाच्या डोक्यावर येते, हेही तितकेच खरे.

बारा महिने आणि तीस दिवस

दुसऱ्या प्रांतात वाहन नेल्यास नवा क्रमांक घेण्याची तरतूद १९३९ च्या जुन्या कायद्यातही होती. आजच्या कायद्यातील कलम ४७ असे सांगते की, एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेले, तर मालकाने तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज केला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये हा अर्ज नमुना २७ मध्ये, बारा महिने संपल्यापासून तीस दिवसांच्या आत करावयाचा असतो.

येथे ‘ठेवले गेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायदा वाहन चालविण्याविषयी बोलत नाही, ते ठेवण्याविषयी बोलतो. दोडामार्गहून रोज गोव्यात जाऊन रात्री घरी परतणाऱ्याची दुचाकी गोव्यात ‘ठेवलेली’ नसते. तिला नवा क्रमांक नको. खोली घेऊन वर्षभर म्हापशातच राहणाऱ्याची दुचाकी मात्र ठेवलेली ठरते. सुटीत पंधरा दिवस गाडी गावी आणली म्हणून हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, अशी जी समजूत काही ठिकाणी आढळते, तिच्यावर विसंबून राहू नये. वाहन परराज्यात केव्हा आले हे दाखविण्याची वेळ आल्यास पथकर नाक्यावरील पावती, बदलीचा आदेश, भाडेकरार, पूर्वीच्या गावातील दुरुस्तीचे बिल असे साधे कागदच कामास येतात. ते जपून ठेवणे शहाणपणाचे.

बारा महिन्यांची ही मुदत वाहनमालकाचे संरक्षण आहे, याचा विसर कधी कधी राज्यांनाही पडला आहे. कर्नाटकाने २०१४ साली आपल्या करकायद्यात दुरुस्ती करून परराज्यातील वाहन तीस दिवसांहून अधिक राहिल्यास त्यावर आजीवन कर आकारण्याचे ठरविले. बंगळूरमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या हजारो परप्रांतीयांना, त्यांत मराठी कुटुंबेही आली, त्याचा जाच झाला. ही दुरुस्ती २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविली.

बारा महिन्यांच्या मुदतीची दुसरीही एक बाजू आहे व ती फारच थोड्यांना ठाऊक असते. कलम ४९ प्रमाणे मालकाचा पत्ता बदलल्यास तो तीस दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावा लागतो. म्हणजे पत्त्याची मुदत वेगळी, क्रमांकाची वेगळी. पुण्याहून नांदेडला गेलेल्या माणसास केवळ पत्ता बदलून घ्यावयाचा असतो. राज्य तेच असल्याने ‘एमएच १२’ हा क्रमांक वाहनाच्या अखेरपर्यंत चालतो, कराचाही प्रश्न येत नाही. पत्ता न बदलल्याचा फटका अलीकडे अधिक जाणवतो. रस्त्यावरील कॅमेऱ्याने टिपलेल्या नियमभंगाची इलेक्ट्रॉनिक नोटीस नोंदणीतील पत्त्यावर व मोबाईल क्रमांकावर जाते. पत्ता जुना आणि मोबाईल बंद, अशा स्थितीत दंड साचत राहतो आणि पुढे गाडी विकताना एकदम समोर येतो.

ना-हरकत प्रमाणपत्र

या सर्व प्रक्रियेचा कणा म्हणजे कलम ४८ खालील ना-हरकत प्रमाणपत्र. ज्या कार्यालयात वाहन नोंदलेले आहे त्या कार्यालयाने, हे वाहन दुसरीकडे नोंदण्यास आमची हरकत नाही, असे लिहून द्यावयाचे. त्यासाठी नमुना २८ मध्ये अर्ज करतात. अर्जावर चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. वाहनावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची किंवा वित्तसंस्थेची संमती लागते. प्रमाणपत्र देण्यापूर्वी दोन गोष्टींची खातरजमा करावी, असे कायदा सांगतो : वाहन चोरीस गेल्याची तक्रार नोंदलेली किंवा प्रलंबित नाही, याबद्दल पोलिसांचा लेखी अहवाल, आणि रस्ताकरासह शासनाचे सर्व देणे चुकते झाले आहे किंवा नाही, याची तपासणी. चोरीची वाहने राज्याबाहेर नेऊन नव्या क्रमांकाने खपविण्याचे प्रकार लक्षात घेता ही खबरदारी अनाठायी नाही.

अडचण होते ती क्रमामुळे. मनुष्य आधी सामान हलवितो, मुलांच्या शाळा शोधतो, गाडी बरोबर घेऊन जातो आणि प्रमाणपत्राची आठवण वर्षभराने होते. तोपर्यंत मूळ कार्यालय पाचशे किलोमीटर मागे राहिलेले असते. ३ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाने आधार-आधारित ज्या अठरा सेवा घरबसल्या उपलब्ध करून दिल्या, त्यांत ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज, नोंदणी व अनुज्ञप्तीवरील पत्ताबदल आणि मालकी हस्तांतरणाचा अर्ज यांचा समावेश आहे. ‘वाहन’ व ‘सारथी’ या दोन संगणकप्रणालींमुळे हेलपाटे पुष्कळ कमी झाले, यात शंका नाही. परंतु आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बदललेला असणे, जुने नोंदणीपुस्तक प्रणालीत न चढलेले असणे, मालकाच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे असणे, अशा बारीक अडथळ्यांवर अर्ज अडतात. हे अडथळे गाव सोडण्यापूर्वी दूर करणे सोपे असते. नंतर तेच डोंगराएवढे वाटू लागतात. आणखी एक, प्रमाणपत्र कोणत्या कार्यालयासाठी दिले त्याचे नाव त्यावर असते. बेळगावचे नाव घालून घेतलेले प्रमाणपत्र हुबळीस चालत नाही. कोठे राहावयाचे ते ठरल्यावरच अर्ज करावा.

या कलमातील एका तरतुदीकडे अधिकारीवर्गाचे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यावे किंवा नाकारावे, असा लेखी आदेश निघाला पाहिजे. नाकारावयाचे तर कारणे नमूद केली पाहिजेत व त्यांची प्रत अर्जदारास कळविली पाहिजे. तीस दिवसांत काहीच कळविले गेले नाही, तर प्रमाणपत्र दिले असेच मानले जाते. अशा वेळी अर्जदाराने नव्या राज्यात अर्ज करताना जुन्या कार्यालयाची पोचपावती, अथवा रजिस्टर टपालाची पोच, आणि नकार मिळालेला नाही असे घोषणापत्र जोडावयाचे असते. कायद्याने पोचपावतीला एवढे वजन दिले आहे. म्हणून खिडकीवर अर्ज घेणाऱ्या लिपिकाने पोच देणे ही औपचारिकता समजू नये. अर्थात, आज संगणकावर जुन्या कार्यालयाने वाहन मोकळे केल्याखेरीज नव्या कार्यालयात नोंद पुढे सरकत नाही आणि कायद्याने मिळालेला हक्क पडद्यावर अडकून राहतो. ‘वरून झालेले नाही’ एवढेच उत्तर अर्जदारास मिळते. कायदा आणि यंत्रणा यांत अंतर पडले, तर ते भरून काढण्याची जबाबदारी कार्यालयांची आहे. दोन कार्यालयांतील एका पत्राने किंवा दूरध्वनीने ते बहुधा भरून निघते.

आधी भरा, मग मागा

आता कराकडे वळू. खाजगी मोटारीवर किंवा दुचाकीवर नोंदणीच्या वेळी बहुतेक राज्ये एकरकमी कर घेतात. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीस हा दर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आहे. आठ लाख रुपयांच्या मोटारीवर ११ टक्क्यांप्रमाणे ८८,००० रुपये होतात. चार वर्षांनी हीच मोटार दुसऱ्या राज्यात कायमची गेली की ते राज्य वाहनाचे वय धरून आपल्या दराने उरलेल्या काळाचा कर मागते. पूर्वीच्या राज्याकडे पडून असलेला उरलेल्या वर्षांचा कर त्यात वळता होत नाही. तो परत मिळतो, परंतु त्यासाठी आधी नव्या राज्यात कर भरावा लागतो, नवे नोंदणीपत्र हाती यावे लागते आणि मग त्याची प्रत जोडून जुन्या कार्यालयाकडे परताव्याचा अर्ज करावा लागतो. नोकरदार माणसास काही महिने दोन राज्यांना मिळून मोठी रक्कम उसनी द्यावी लागते, असेच म्हणावयाचे. परताव्याचा अर्ज करणे पुष्कळांकडून राहूनच जाते, कारण नवा क्रमांक मिळाला की काम संपले असे वाटते.

नवा क्रमांक मिळाल्याने वाहनाचे वय कमी होत नाही. नोंदणी मूळ तारखेपासून पंधरा वर्षांचीच. क्रमांक बदलल्यावर नव्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्ट्या बसवून घ्याव्या लागतात आणि विमा कंपनीस नवा क्रमांक लेखी कळवावा लागतो. यातील दुसरी गोष्ट विसरली, तर अपघातानंतर भरपाई मागताना विनाकारण पत्रव्यवहार वाढतो.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २६ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचना काढून १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू केली. या मालिकेतील वाहनास राज्य बदलले तरी नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. क्रमांकाच्या आरंभी राज्याची अक्षरे नसून नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक असतात. कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन वर्षांचा, अथवा दोनच्या पटीत, भरावयाचा. चौदा वर्षांनंतर तो दरवर्षी भरावयाचा. संरक्षण दलातील व्यक्ती, केंद्र व राज्य शासनाचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांतील कर्मचारी यांना ही सवलत आहे. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने पूर्वी नेहमीच्या पद्धतीने नोंदलेले वाहनही आवश्यक तो कर भरून या मालिकेत आणण्याची मुभा मिळाली. सभागृहातील शासकीय कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची परराज्यात प्रतिनियुक्ती होण्याचा संभव आहे, त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

परंतु या यादीत गवंडी नाही, उपाहारगृहातील आचारी नाही, स्वतःचा लहान धंदा करणारा नाही आणि शेतकरीही नाही. राज्याच्या सीमा सर्वांत अधिक वेळा ओलांडणारी माणसे तर हीच. चार राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक नव्या गावी कर सल्लागार नेमू शकतो. म्हापशातल्या त्या तरुणाला ते शक्य नाही. योजना उपयुक्त असली तरी तिच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांना जुनाच मार्ग चालावा लागतो, आणि त्यांना तो दाखविणारे कोणी जवळ असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

अनुज्ञप्तीचे सोपे, तरी…

चालविण्याच्या अनुज्ञप्तीबाबत भीती बाळगण्याचे कारण नाही. शिकाऊ असो वा पक्की, अधिनियमाच्या कलम १३ अन्वये ती संपूर्ण भारतात ग्राह्य आहे. महाराष्ट्रात काढलेली अनुज्ञप्ती गुजरातेत ‘चालत नाही’ असे कोणी सांगितल्यास ते चुकीचे आहे. राज्य बदलल्यावर नवी परीक्षा नाही, नवी अनुज्ञप्ती नाही. दोन राज्यांतून दोन अनुज्ञप्त्या काढण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. एका व्यक्तीस एका वेळी एकच अनुज्ञप्ती जवळ बाळगता येते. पत्ता तेवढा ‘सारथी’वर अर्ज करून बदलून घ्यावा, म्हणजे पुढील नूतनीकरण राहत्या गावी होते. रहिवासाचा नेहमीचा पुरावा नसेल, तर त्याचे योग्य कारण दाखवून शपथपत्र देण्याची सोय नियमांत आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरास ती ठाऊक असावी.

दोन ठिकाणी मात्र जपावे लागते. ज्यांची अनुज्ञप्ती जुन्या पुस्तिकेच्या रूपात आहे, तिची नोंद संगणकप्रणालीत नसण्याचा संभव असतो, आणि ती नोंद मूळ कार्यालयाच्या दप्तरावरूनच चढवावी लागते. गावी आल्यावर पहिले काम हे करावे. दुसरे मुदतीचे. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत संपल्यानंतरची पूर्वीची तीस दिवसांची सवलत गेली. आता मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि संपून एक वर्ष उलटल्यास पुन्हा वाहन चालविण्याची परीक्षा द्यावी लागते. बाहेरगावी चालकाची नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत हा रोजीरोटीचाच प्रश्न असतो.

स्थलांतराच्या वेळी कित्येकजण गाडी बरोबर न नेता विकून टाकतात. पैसे घेतले, चावी दिली, सह्या केलेले कोरे नमुने दिले, की व्यवहार संपला असे समजतात. तो संपत नाही. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक, या तत्त्वावर अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर टाकणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे; त्या प्रकरणात गाडी पुढे अनेक हातांत गेली होती. विकणाऱ्याने हस्तांतरणाची सूचना खरेदीदार त्याच राज्यातील असल्यास चौदा दिवसांत आणि परराज्यातील असल्यास पंचेचाळीस दिवसांत द्यावयाची असते. उलट दिशेचा धोकाही आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ मधील व सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील आदेशानंतर दिल्ली परिसरातील जुनी वाहने स्वस्तात इतर राज्यांत विकली गेली. ना-हरकत प्रमाणपत्राखेरीज घेतलेली अशी मोटार येथे नोंदता येत नाही, आणि स्वस्त मोटार अंगणात उभी राहून गंजते.

बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांबरोबर आता दुचाकी असतात. हंगाम काही महिन्यांचा, म्हणून त्यांना नवा क्रमांक लागत नाही, कर लागत नाही. त्यांना हवे असते चालू विमापत्र, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, अनुज्ञप्ती आणि नोंदणीपत्र. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरील प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरावी, असे केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व राज्यांना कळविले आहे. टोळी निघण्यापूर्वी शाळेतील एखाद्या शिक्षकाने संध्याकाळी तासभर बसून ही कागदपत्रे मोबाईलमध्ये घालून दिली, तर पुढील हंगामातील पुष्कळ कटकट वाचेल.

तेव्हाच आणखी एक गोष्ट उघडकीस येईल. कित्येक दुचाकी वारलेल्या वडिलांच्या किंवा भावाच्या नावावरच असतात. मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळविल्यास वारसाला ते वाहन तीन महिने वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करून मालकी आपल्या नावे करून घ्यावी लागते. तसे झाल्याखेरीज पुढे ना-हरकत प्रमाणपत्र नाही, परराज्यात नोंदणी नाही, विक्रीही नाही. या अर्जाला पहिला जो कागद जोडावा लागतो, तो मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीच्याच दप्तरातून निघतो.